बिबा मीच लावला होता

“एपिकल अ‍ॅब्सेस,” अकोल्याच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे दाखवत म्हणाल्या. म्हणजे दाताच्या मुळाशी पू. मग माझ्या गालाकडे बघून त्यांनी विचारलं, “आणि हे कशानं भाजलं?”

मी तेल्हाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. रूट कॅनालच्या सुयांना घाबरून मी दुखणं अंगावर काढलं आणि सूज उतरावी म्हणून गालाला बिबा लावला, त्या बीचं काळं जहाल तेल. तो उतला. गालभर फोड आले. हे कुठल्या तोंडानं सांगणार?

सोबत आलेल्या सासूबाईच बोलल्या, “म्या लावला बाई बिबा. मले काय समजते?”

त्या तर लावू नको म्हणत होत्या! डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच फैलावर घेतलं. “आजी, सुनेच्या डोळ्यात गेला असता तर?” सासूबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मी गप्प. तोंड सुजल्याचं निमित्त होतंच.

बसस्टँडवर मी विचारलं, “आई, काहून असं बोलल्या?”

“तू मास्तरीन हायेस. लोकं हासतीन तुले. मले म्हातारीले कोनी काई म्हनलं तं काय होते?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोड सुकेपर्यंत गोळ्या घेतल्या. मग भूल देऊन अल्ट्रासाउंडनं उपचार झाला. अल्ट्रासाउंड म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी. दाताला लहानसं छिद्र पाडून आत औषधी पाणी सोडतात आणि या लहरी ते मुळाच्या नळ्यांत घुसळतात. बाटली खळखळून धुवावी तशी घाण निघते. सुयांनी खरवडणं नाही. सगळ्यांच्या दाताला हे चालतंच असं नाही, ते डॉक्टर ठरवतात. पण दाखवायला उशीर करू नका, आणि बिब्याच्या वाटेला तर जाऊच नका.

खुर्चीतून उठताना मी एकदाची बोलले, “बिबा मीच लावला होता.”

“त्या दिवशी तुम्ही गेल्यावर लक्षात आलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काळे डाग तुमच्या बोटांना होते. आजींच्या नाही.”

त्या बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे गेल्या. “आजी, तुम्हाला उगाच बोलले. माफ करा.” सासूबाई अवघडल्या. माझ्याकडे डोळे वटारून म्हणाल्या, “सांगाले काय गरज होती?”

दात वाचला. परक्या बाईनं त्यांची माफी मागितली. मी अजून मागितलेली नाही. रोज ठरवते. मग त्या माझ्यासाठी मऊ भात कालवून आणतात, आणि मी तोंड उघडते ते घास घ्यायला.