टरफलांचा कोळसा

आमच्या शिरूरच्या कॉलेजातला प्रयोगशाळेचा शिपाई हौशीराम भारी काटकसरी. फुटकी काचनळी टाकून द्यायची म्हटली तरी त्याच्या जिवावर यायचं. मी तिथला कारकून, रोज त्याची चेष्टा करायचो. शहात्तर सालच्या त्या सोमवारपासून मात्र कधी केली नाही.

केमिस्ट्रीचे सर तेव्हा भुईमुगाची टरफलं भाजून कोळसा करत. दौंडकडच्या एका कारखान्यात सायकलच्या हँडलांना क्रोमची चकाकी देत. तिथलं पिवळं पाणी आणून या कोळशातून गाळलं की खाली नितळ पडे. सर म्हणत, विष गेलं. गाळून झालेला कोळसा टाकायला हौशीरामकडे येई.

तो कसला टाकतो. त्यानं तो वाळवून तळेगाव ढमढेऱ्याला घरी नेला, मीठ घालून कुटला आणि सासूबाईंना, सोजरबाईंना, दात घासायला दिला. म्हातारीच्या हिरड्यांतून रक्त यायचं. स्वतः तो बाभळीच्या काडीवर भागवायचा.

सोमवारी सरांनी सहज विचारलं, "मागचा कोळसा खोल पुरलास ना?"

"का वं सर?"

"अरे, पाण्यातलं विष काय हवेत उडालं? सगळं त्या कोळशात बसलंय."

हौशीराम माझ्या टेबलाशी आला तो पांढराफटक पडून. "भाऊसाहेब, म्हातारी चार दिस झालं लावतीया."

मी त्याला घेऊन तसाच सरांकडे गेलो. सर म्हणाले, आधी भरपूर चुळा भरायला लावा, मग दवाखान्यात न्या. रजेचा अर्ज राहू दिला आणि आम्ही दोघं एसटीत बसलो. वाटभर तो एकच म्हणत होता, "रंभाला काय सांगू? तिची आई हाय ती." बायकोपुढं उभं कसं राहायचं, हेच त्याला कळत नव्हतं. मी धीर द्यायला हवा होता, पण मी नुसते पुढचे थांबे मोजत होतो.

दुपारचं जेवण उरकून सोजरबाई अंगणात तांब्या घेऊन बसल्या होत्या. बोट काळं, हिरड्या काळ्या. आम्हाला बघून त्या तोंडभर हसल्या.

"जावईबापू, कालिजातला कोळसा लई गुणाचा हाय. रगत थांबलं बघा. संपत आलाय, आणिक आणा वाईच."

हौशीरामनं त्यांच्या हातातली पुडी हिसकून घेतली. ज्या बाईसमोर तो कधी मान वर करून बोलला नव्हता, तिचा जबडा त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि रडतच म्हणाला, "थुका, आत्याबाई. आधी थुका."