चिंच फोडणारा कंपौंडर

आमच्या दवाखान्यातल्या कंपौंडरएवढा उलट्या खोपडीचा माणूस चामोर्शीपासून सूरजागडच्या डोंगरापर्यंत दुसरा सापडायचा नाही. त्याच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी काय केलं, तर एका गोंड बाईच्या अंगणात बसून चिंच फोडली. बाईचा नवरा मरून चार महिने झाले होते. तेव्हापासून ती माणसांशी बोलत नसे. दिवस कलला की उंबऱ्यापाशी पानावर भात ठेवी आणि त्या भाताशीच पुटपुटत बसे. दवाखान्यातल्या नागपूरकडच्या डॉक्टरनं कागद लिहून ठेवला होता. बाईला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं, उद्या सकाळी बैलगाडी येणार. मला गोंडी येते, म्हणून कंपौंडरनं मला ओढत नेलं होतं.

“काऊन बसलो आपण इथी? विचार ना तिले!” मी म्हणालो.

“विचारलं का माणूस दार लावून घेते भाऊ. तू चिंच फोड.”

हीच त्याची रीत. रोग्याला काय होतंय हे तो विचारतच नसे. रोगी जे काम करत असेल ते हा करू लागे. एका टोपल्या विणणाऱ्याला झोप येत नव्हती. त्याच्याजवळ चार दिवस बसून यानं एक टोपली विणली. तिच्यातून धान तर गळेच, कोंबडीसुद्धा निघून जाई. टोपलीवाला पोट धरून हसला, मग रडला, मनातलं सारं ओकला आणि दुसऱ्या दुपारपर्यंत घोरला. गोंडी तर हा अशी बोले की हिवतापानं कुडकुडणारा माणूसही थांबून हसून घेई. खिशात कायम चिंचोके. माझी बायको गेली तेव्हा लोक आले, धीर धर म्हणाले, गेले. हा आला आणि मुकाट्यानं माझा गोठा झाडू लागला. शेण सगळं त्याच्या कोटाला. आठव्या दिवशी मीच ओरडलो, “अबे, खराटा उलटा धरला तू!” ती गेल्यावरचं ते माझं पहिलं बोलणं.

बाईकडं चिंच फोडून आलो, त्याच पहाटे कंपौंडर झोपेतच गेला. लोक तिरडीला बांबू आणायला धावले. मी बाईच्या अंगणात गेलो. गाडी दारात उभी होती, डॉक्टरही आला होता. मी खाली बसून चिंच फोडायला घेतली. विचारलं काहीच नाही. गोंडीत एवढंच सांगितलं, “काल इथी बसला होता, तो मेला.”

बाईनं माझ्याकडं पाहिलं. आपल्या बोलीत म्हणाली, “मंग त्याले भात कोण ठेवन? माझ्या माणसाच्या नावाचा दगड अजून उभा नाई झाला. मोहफुलं वेचून झाले का सोयरे येतीन, दगड उभा करतीन. तोवर त्यानं उपाशी राह्यचं का?”

मी डॉक्टरला ते जसंच्या तसं सांगितलं. वर माझंही जोडलं, “पितृपक्षात तुमी कावळ्याले वाढता, तवा तुमाले कोणी गाडीत घालून नेते का?”

डॉक्टरनं कागदाची घडी घालून खिशात टाकली. मग त्यानं गाडीवाल्याला हातानंच सांगितलं, जा परत.

बाईनं उंबऱ्यापाशी दोन पानं मांडली. दुसऱ्यावर मी भात ठेवला. बाजूला न फोडलेली एक चिंचही ठेवली. म्हटलं, हे काम तुझं तू कर.