काशिनाथच्या तीन प्रती

काशिनाथ गेल्याची बातमी मला तीनदा कळली. आधी अलिबागहून सुमतीवहिनींचा फोन आला. मी अंगावरच्या कपड्यांनिशी आगरदांड्याच्या स्टँडवर गेलो, तर समोर उभ्या एसटीचा कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "मास्तर, काशिनाथ सर गेले. असं काही झालं तर तुमाला सांगायचं, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं." मी बसमध्ये पाय ठेवतोय तोच जेटीवरून मासळीवाला रफिक हाका मारत धावत आला. त्यालाही बजावलेलं होतं! खरं सांगतो, मला रडू यायच्या आधी त्या माणसाचा राग आला. स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा तीन वाटांनी धाडायची म्हणजे काय? ...मग बस सुटली आणि खिडकीशी तोंड करून मी रडून घेतलं.

ही खोड त्याला अमेरिकेने लावली. तिथे तो कधी गेला नव्हता. अलिबागच्या कॉलेजात तो इतिहास शिकवायचा, मी मराठी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या पुढाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं मराठीत आणायची, हा त्याचा जन्माचा ध्यास. रणांगणावरून सेनापती लिहितोय, तिथल्या काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या सभेचा, अध्यक्ष उत्तर देतोय, फ्रान्सच्या दरबारात मदत मागायला गेलेला वकील दोघांच्या नावाने बोटं मोडतोय. पत्र शिडाच्या जहाजाने जायचं. एखादं जहाज बुडायचं, एखादं इंग्रज पकडायचे. म्हणून एकच पत्र दोन-तीन जहाजांनी धाडत, आणि पिशवीत शिसं ठेवत, म्हणजे शत्रू आलाच तर ती समुद्रात बुडवता येई. "याला म्हणतात शहाणी माणसं," काशिनाथ म्हणायचा. मग तोही तसंच करू लागला. घरी यायला उशीर होणार असला की फोन करायचा, शेजाऱ्याला सांगायचा, शिवाय रिक्षावाल्याजवळ निरोप द्यायचा. वहिनी म्हणायच्या, "निरोप तीनदा येतो, माणूस एकदा वेळेवर आला तरी पुरे."

या पत्रांकडे तो वळला तो मिठामुळे. उरणजवळ त्याच्या वडिलांचं मिठागर होतं. बंदर आलं, मिठागर गेलं. कॉलेजात असताना कुठल्याशा पुस्तकात त्याने वाचलं की त्या युद्धात इंग्रजी जहाजांनी किनारा अडवला, मीठ मिळेनासं झालं, आणि एवढे मोठे पुढारी एकमेकांना मिठासाठी पत्रं लिहीत होते. हे सांगताना तो स्टाफरूममध्ये येरझाऱ्या घालत होता, हातातला चहा सांडत होता. बसून चहा पिताना मी त्याला पाहिलाच नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय उठायच्या तयारीत असायचा.

पुस्तकाचंही तसंच. वाळवी लागेल, आग लागेल, कॉम्प्युटर बंद पडेल, म्हणून त्याने तीन प्रती काढल्या. एक घरी, एक माझ्याकडे, एक उरणला धाकट्या बहिणीकडे, पारूकडे. इथवर ठीक. पण दुरुस्ती सुचली की जी प्रत हाताशी असेल तिच्यात तो करायचा आणि उरलेल्या दोन प्रतींना कळवायचं विसरायचा. पाहता पाहता तिघींचे तीन संसार झाले.

तेरावं आटोपल्यावर आम्ही तिघं अलिबागच्या घरी बसलो. छापखान्याला एकच प्रत हवी होती. वहिनी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी या पुस्तकाबरोबर नांदतेय. आता ते मला हातात हवंय. कुठली ते ठरवा, पण आज ठरवा." आणि आम्ही भांडलो. माझ्या प्रतीतला सेनापती माझ्या सूचनांप्रमाणे अदबीने, घोळदार वाक्यांत बोलत होता, तोच मला खरा वाटत होता. घरच्या प्रतीत पानोपानी वहिनींनी सुचवलेले नेटके शब्द होते. त्या नागावच्या बागायतदारांच्या घरातल्या, त्यांच्या भाषेत एक काडी इकडची तिकडे व्हायची नाही. आणि पारूची प्रत... तिने ती उघडून सैन्याच्या हालाचं पत्र वाचलं, त्यांच्या मिठागरावरच्या बोलीत, ठसक्यात, "मीठ न्हाय, पायान काय न्हाय, पोरं थंडीनं काकरल्यान!"

"अहो, हे भाषांतर आहे का?" मी ओरडलो. "मुळात असं कुठे आहे?"

पारू आता बंदरातला माल वाहणाऱ्या ट्रेलरच्या धंद्यात आहे, तिला आवाज चढवायला माझी परवानगी लागत नाही. "मंग काय झाला? दादूसनं मना वाचून दाखवला. मी म्हटला, उपाशी मानूस आसा बोलतंय का? त्यानं तवाच खोरून टाकला."

वहिनींनी हात पुढे केला आणि प्रत मागून घेतली. बराच वेळ त्या पानं उलटत होत्या. मला वाटलं, मिटून ठेवतील.

"माझ्याशी असं कधीच बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत एकदाही नाही."

पारूचा आवाज खाली आला. "तुमाला भियाचा तो, वैनी. तुमी हसाल म्हनून."

"हसले असते," वहिनी म्हणाल्या. "नवी होते तेव्हा नक्की हसले असते." मग त्यांनी स्वतःची प्रत कपाटात ठेवली, माझी माझ्या हातात दिली, आणि पारूची छापायला द्या म्हणाल्या. त्या प्रतीत त्यांचा एकही शब्द नव्हता. माझाही नव्हता, आणि मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? परतीच्या बसमध्ये मी फुरंगटूनच बसलो होतो.

गेल्या आठवड्यात छापखान्याने तपासायला पाठवलेली मुद्रितं न्यायला अलिबागला गेलो. वहिनी पडवीत पेन्सिल घेऊन बसल्या होत्या आणि मोठ्याने वाचत होत्या. अडलं की पारूला फोन लावून विचारतात म्हणे. फाटकाशी आलो तेव्हा फ्रान्समधल्या वकिलाचं पत्र चाललं होतं. महिनोन् महिने मायदेशाहून त्याला काही कळलेलं नाही, म्हणून तो बिचारा चडफडतोय.

"तुमचा कागद आजून आला न्हाय," वहिनी वाचत होत्या. थांबल्या. पान डोळ्यांजवळ नेलं. "आयला," स्वतःशीच म्हणाल्या, "आयला न्हाय." मग पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, शाळेत नव्याने बसवलेल्या मुलीसारखं, "तुमचा कागद आजून आयला न्हाय... तुमचा कागद आजून आयला न्हाय..."

मी फाटक वाजवलं नाही.