नानाची बी पेरायची नळी

धुळ्याहून आलेल्या मोटारवाल्यानं दुकानाच्या पायरीवरूनच सांगितलं, "शेठ, तुमचे नाना गेले." मला आधी रागच आला. नळीचं काय ते ठरवायला पावसाआधी जळगावला येतो म्हणाला होता... आणि परस्पर निघून गेला!

तरुणपणी आम्ही दोघं कापसाच्या जिनात हमाली करायचो. मी तिथून निघून स्वतःचं लोखंडाचं दुकान थाटलं. नाना धुळ्याकडच्या आपल्या शेतावर परतला. पुढे कंबर गेली, तरी उघड्या माळांवर झाडं लावायचं खूळ गेलं नाही. पेरणीच्या तिफणीची बांबूची नळी घेऊन त्यानं खाली लोखंडी चोच बसवली. चोच जमिनीत रोवायची, वरून बी सोडायचं, पायानं पट्टी दाबली की चोच उघडून बी मातीत. वाकायला नको. लोखंड माझं, चोचीसाठी हेलपाटे माझे. माझी अट एकच होती, नळी विकली जाईल ती माझ्याच दुकानातून.

मोठं गिऱ्हाईक मीच गाठलं. एका जहागिरीचा कारभारी यावलजवळच्या माळावर नळी बघायला आला आणि नानानं निंबोळ्या शेणमातीत घोळून आणल्या, आपण सरकी घोळतो तशा! दोन बिया पडल्या, तिसरी अडकली. नाना काडीनं कोरत बसला, मजूर हसायला लागले.

"नाना, ही सरकी नाही रे!"

"शेनबिगर बी पेरतस का कोनी?"

"यापेक्षा पहारीनं भोकं पाडलेली बरी," म्हणून कारभारी छकड्यात बसला. परतताना मी वाटभर नानावर ओरडत होतो.

दुसरा कोणी असता तर शेण सोडलं असतं. यानं नळीच रुंद केली. नळी उत्तम चालायला लागली, पण तोवर यानं गावोगावच्या लोहारांना ती कशी करायची ते शिकवूनही टाकलं होतं. मी धुळ्याला जाऊन त्याला धरलं. "मग माझ्या दुकानाचं काय?"

"झाड बठ्ठासनं शे शेठ, मंग हत्यार एकलानं कसं?"

झाड सगळ्यांचं, म्हणून नळीही सगळ्यांची... कपाळ! बाकीचं पावसाआधी जळगावला येऊन ठरवू म्हणाला.

तेरावं करून आलो आणि पुढच्याच आठवड्यात फैजपूरच्या बाजारात एका लोहाराकडे नळ्यांचा ढीग दिसला. सगळ्या आखूड, कमरेइतक्या. मी तिथंच भडकलो. "अरे, वाकायला लागू नये म्हणून तर त्यानं ही केली!" लोहार म्हणाला, "तुमचं काय जातं शेठ?" समोर बसून एक छातीइतकी लांब करून घेतली, तेव्हाच उठलो.

ती आता माझ्या गल्ल्यामागे उभी असते. गिऱ्हाईक भाव विचारतं. मी खेकसतो, "विकायची नाही. उंची मापून घे आणि तुझ्या गावच्या लोहाराला सांग, तो करून देईल."