शनिवारचा विद्यार्थी

गणित माणसाला खरं बोलायला शिकवतं. हे वाक्य आमच्या शाळेच्या जिन्याच्या भिंतीवर निळ्या तेलरंगात लिहिलेलं होतं आणि त्याच भिंतीला पाठ टेकून आम्ही रोज सकाळी एकमेकांचा गृहपाठ उतरवून घेत असू. गणिताबद्दल खरं बोललेला एकच माणूस मी त्या शाळेत पाहिला. ते आमचे गणिताचे सर. आणि तेही बोलले ते एकदा गणित अडलं तेव्हा.

सगळी शाळा त्यांना ‘म्हणून सर’ म्हणायची. सिद्धतेच्या प्रत्येक ओळीआधी ते फळ्यावर तीन टिंबं काढत, खडू वर्गाकडे रोखत आणि विचारत, “म्हणून?” ही सवय वर्गाबाहेरही सुटत नसे. एखादा उशिरा आला आणि “सर, सायकल पंक्चर झाली,” म्हणाला, की प्रश्न ठरलेला.

“म्हणून?”

“म्हणून उशीर झाला.”

“पायरी गाळलीस. पंक्चर झाली, म्हणून चालत आलास. चालत आलास, म्हणून उशीर झाला. आता बस.”

ते पंचवटीत राहत. तिथल्या बाजारातली भाजीवाली, त्यांनी तोंड उघडायच्या आत, आज मेथी का महाग आहे ते सांगून मोकळी होते, असं मुलं म्हणत. मी ते स्वतः पाहिलेलं नाही. पण अशक्य वाटत नाही.

आमच्या शाळेत इंग्रजीची भीती खेड्यातून आलेल्यांना वाटे आणि संस्कृतची आळशांना. गणिताची भीती मात्र गाव, गल्ली, घराणं न बघता सगळ्यांना सारखी वाटे. बाकीचे शिक्षक ती डस्टरने वाढवत. ‘म्हणून सरां’नी कधी हात उगारला नाही. चुकलेल्या मुलाची वही घेऊन ते उत्तरापासून उलटे वर चढत आणि जिथवर गणित बरोबर असेल त्या ओळीपुढे बारीक खूण करत. “इथपर्यंत तू शहाणा होतास,” ते म्हणत. “इथून पुढे वडिलांवर गेलास.” आमच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील त्यांच्या हाताखालून गेलेले होते, त्यामुळे हे मत ऐकीव नव्हतं.

सुरगाण्याकडचा गावित नावाचा मुलगा वसतिगृहात राहून आमच्या वर्गात शिकत होता. एकदा प्रमेयाच्या मध्यावर तो उभा राहिला. “सर, लय अवघड हाय हे.”

“अवघड नाही, लांब आहे,” सर म्हणाले. “दोन्हींत फरक असतो. सुरगाणा लांब आहे. अवघड आहे का?”

“अवघड बी हाय, सर. तुमी गेलेला नाय.”

वर्ग हसला. सर सगळ्यांत शेवटपर्यंत हसत राहिले आणि मग त्या प्रमेयाच्या सात पायऱ्यांच्या त्यांनी बारा केल्या. गावितला ते समजलं. तो इतर कोणाच्याही तासाला तोंड उघडत नसे.

आम्ही दहावीत आलो तेव्हा अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी बोर्डाची झाली होती आणि पुस्तकात ‘संच’ नावाचं नवं प्रकरण आलं होतं. सरांना सुट्टीत प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. परत येऊन त्यांनी प्रकरण सुरू केलं. ज्यात काहीच नाही तो रिक्त संच, आणि तो प्रत्येक संचाचा उपसंच असतो, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी हात वर केला. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाचा हात जसा वर जातो तसा.

“कसा काय, सर?”

सर वळले. “मला माहीत नाही. प्रशिक्षणात मी हेच विचारलं, तर तसं मानायचं असं सांगितलं. मला मानायचं नाही, समजून घ्यायचंय. कोणाला कळलं तर मला येऊन सांगा.”

माझा थोरला भाऊ तेव्हा बी.एस्सी.ला होता. त्याच्याकडून समजून घेऊन मी सरांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळलेला मी जवळून पाहिला. त्यांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी हे पूर्ण प्रकरण त्यांना शिकवीन का. “एक मात्र करा. हे मुख्याध्यापकांच्या कानावर जाऊ देऊ नका. नवे शिक्षक आलेत, दहावी त्यांना द्यायची घाई आहे. माझी दोन वर्षं राहिलीत. दहावी शिकवता शिकवताच निवृत्त व्हावं, एवढी एकच इच्छा आहे.”

त्या वाक्यात त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटलं होतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. शनिवारी ते दुसऱ्या बाकावर बसत, वही उघडत आणि मी खडू घेऊन फळ्याशी उभा राही. तो तास संपेपर्यंत मी ‘तुम्ही’ असे. सोमवारी पुन्हा ‘तू’. “शिकवणाऱ्याला अरे-तुरे करू नये,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. मी शिकवताना पायरी गाळली, की बाकावरून आवाज येई, “म्हणून?” पाचेक शनिवार असे गेले. मी जमिनीपासून वीतभर वर चालत होतो आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं.

आमच्याकडे स्नेहसंमेलनात शेलापागोटे असत. आधी काही दिवस एक खोकं ठेवायचं, त्यात कोणीही कोणाबद्दलही, नाव न घालता, दोन ओळी टाकायच्या. संमेलनात त्या मोठ्याने वाचायच्या आणि ज्याच्यावर असतील त्याने मंचावर येऊन कागदी पागोटं घालून घ्यायचं. रागवायचं नाही, असा नियम. हा नियम ज्याला कधी पागोटं मिळालं नाही अशा माणसाने केला असावा.

मी खोक्यात चिठ्ठी टाकली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिली. संमेलनाच्या चिटणिसाने ती खणखणीत आवाजात वाचली: “गणिताच्या सरांना. शनिवारी शिकतात, सोमवारी शिकवतात, रिक्त संच बघायला आरशात डोकावतात.”

मांडव कोसळेल इतकं हसू झालं. मी हे का लिहिलं, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला आणि काही भारदस्त कारण सापडतं का पाहिलं. राग नव्हता, सूड नव्हता. यमक जुळलं होतं.

सर मंचावर गेले. मान वाकवून पागोटं घालून घेतलं. चिठ्ठी मागून घेतली, वाचली आणि ध्वनिक्षेपकासमोर म्हणाले, “पहिली ओळ बरोबर आहे. दुसरी तपासून सांगतो.” पुन्हा हशा झाला. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या शिक्षकांना काहीतरी विचारलं.

पुढच्याच आठवड्यात, “सरांच्या प्रकृतीचा विचार करून” अशा शब्दांत सूचनावहीत नोंद होऊन, दहावी नव्या शिक्षकांकडे गेली. सरांना पाचवीचे दोन वर्ग मिळाले. प्रकृती त्यांची उत्तम होती, रोज पंचवटीहून सायकलने येत. नवे शिक्षक हुशार होते. सात पायऱ्यांच्या ते तीन करत.

गावितने मला जिन्यात गाठलं. “कोन रं त्यो चिठ्ठीवाला? सरांची दहावी घालवली त्यानं. गावला पायजे मला.”

“काय माहीत,” मी म्हणालो.

“तू त पयला येतोस. तुला बी समजत नाय?”

“नाही.”

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी सवयीने वर गेलो. वर्गाचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर सर दुसऱ्या बाकावर बसले होते. वही उघडी होती. फळा स्वच्छ पुसलेला होता आणि टेबलावर माझ्यासाठी नवा खडू काढून ठेवला होता. दहावी गेली होती, त्यांना आता संच शिकवायचे नव्हते. तरी ते शिकायला आले होते. मी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरलो.

मार्चमध्ये गावित गणितात नापास झाला. मी शाळेत पहिला आलो. माझ्या सत्काराला सर आले होते, पाचवीच्या मुलांच्या रांगेमागे उभे होते. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले, तेव्हा मुख्याध्यापकांनी ‘ज्ञानसूर्य’ हा शब्द चार वेळा वापरला. मी कॉलेजातून मुद्दाम त्या समारंभाला गेलो, मागे बसलो आणि चहाच्या आधी निघून आलो.

पुढे सहा-सात वर्षांनी मी इंदिरानगरला राहायला गेलो. एका रविवारी स्कूटर काढून पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. वाटेत पूर्ण भाषण जुळवलं होतं, त्यात ‘अक्षम्य’ हा शब्दही होता. सरांनी स्वतः दार उघडलं. “या, या,” म्हणाले. काकूंनी चहा आणला. त्या आत गेल्यावर मी सुरुवात केली.

“सर, ते शेलापागोटं…”

“तुमचं होतं. मला मंचावरच कळलं. शनिवारचं आपल्या दोघांनाच ठाऊक होतं ना.” त्यांनी बशी खाली ठेवली. “दहावी गेली त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पुष्कळ दिवस वाटलं. गावितला मग मी रविवारी इथे बोलवायचो, तो ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला. पण त्या शनिवारी मी साडेबारापर्यंत बसलो होतो. त्याचं मात्र जास्त वाटलं.”

माझ्या भाषणातलं एकही वाक्य या ठिकाणी बसेना. सर उठले, कपाटातून एक वही आणि लाल पेन्सिल घेऊन आले.

“तुम्ही सोडलं तिथून पुढचं मी माझं मीच केलंय. सगळं प्रकरण. बरोबर आहे की नाही, हे सांगणारं कोणी भेटलं नाही. तुम्ही आलाच आहात तर तपासून देता?”

वही जवळजवळ भरलेली होती. अक्षर तेच, एकही पायरी गाळलेली नव्हती. सर समोर बसून माझ्या हाताकडे बघत होते. मी पान उलटत गेलो आणि प्रत्येक पानाखाली लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेलो. शेवटच्या पानाखाली सहीही केली, कारण त्यांनी ती मागितली.

त्या वेळी मी एका वर्तमानपत्रात राशिभविष्याचं पान लावत होतो. संचांमधलं मला काहीही आठवत नव्हतं.