नवव्या डावातल्या बाई

आमच्या सासूबाई चिडायच्या त्या फक्त नवव्या डावात. आधीचे आठ डाव घडीच्या खुर्चीत शांत बसायच्या. मांडीवर वही असायची, तिच्यात रेघा मारून पेन्सिलीनं धावा आणि बाद टिपत राहायच्या. नववा डाव, म्हणजे बेसबॉलचा शेवटचा डाव, सुरू झाला की पेन्सिल कानावर जायची आणि डीमन या डच गावातल्या त्या शिस्तशीर मैदानावर आवाज घुमायचा, "अहो, काय करताय काय! मार रे! मार!" शेजारचे डच आजी-आजोबा कॉफीचे कप सावरून बसायचे.

त्यांना सगळे बाई म्हणायचे, माझा नवरासुद्धा. तो त्यांच्याच शाळेत शिकला, तिथली हाक घरी आली ती तशीच राहिली. जळगावला त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. सगळी नोकरी त्यांनी मुलींना सॉफ्टबॉल शिकवण्यात घालवली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचंच धाकटं भावंड. त्यामुळे उन्हाळ्यात पहिल्यांदा आमच्याकडे इथं आल्या तेव्हा ट्यूलिप नाहीत की पवनचक्क्या नाहीत, ट्राममधून बेसबॉलचं मैदान दिसलं आणि म्हणाल्या, "रविवारी मला इथं आणून सोड. बाकीचं तुम्ही बघा."

सोडून कसं चालेल? मीही जाऊन बसायला लागले. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी मला वर्गातल्या पोरीसारखं शिकवलं. चुकलं की, "लक्ष कुठंय तुझं?"

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती एका गोष्टीनं, बंटनं. बंट म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात पाडायचा. स्वतः बाद व्हायचं आणि आपल्या धावणाऱ्याला एक बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा एक टप्पा, पुढे सरकवायचं. आम्ही ज्या संघाच्या बाजूनं बसायचो त्याच्या कोचची ही लाडकी युक्ती. यान त्याचं नाव, गोरापान, नम्र माणूस. संघ एका धावेनं मागे असो, समोरचा गोलंदाज दमून वाकडेतिकडे चेंडू टाकत असो, नवव्या डावात यान नाकाला हात लावायचा. ती बंटची खूण. आणि कुणाला? तर रुबेनला, संघातल्या सगळ्यात ताकदवान फलंदाजाला. हा रुबेन एरवी पोस्टमन. बाई म्हणायच्या, "उरलेत तीन बाद. त्यातला एक आपल्या हातानं देऊन टाकतो हा मेला!"

एकदा असाच सामना हरल्यावर बाई तरातरा यानकडे गेल्या. मागून मी, केळ्याच्या वेफर्सचा डबा घेऊन. बाई मराठीत म्हणाल्या, "ज्याच्या मनगटात जोर आहे त्याला शेवटी हात बांधून उभं करता? भित्रे आहात तुम्ही!" आणि माझ्याकडे वळल्या, "सांग त्याला."

मी इंग्रजीत सांगितलं, "माझ्या सासूबाईंना तुमचा खेळ फार आवडतो. शेवटच्या डावातली तुमची कल्पना विशेष."

काय करणार? आपण इथं परके, हा माणूस इतका सज्जन, उगाच कशाला वाईटपणा. यान खूश झाला. त्यानं बाईंचा हात हातात घेतला, वेफर्स खाल्ले आणि त्यानंतर दर वेळी बंटची खूण केली की खुर्चीकडे बघून अंगठा दाखवायला लागला. बाई माझ्यावरच भडकायच्या, "पालथ्या घड्यावर पाणी! एवढं सांगितलं तरी वर अंगठा दाखवतो?" मी मूग गिळून बसायचे. तीन उन्हाळे हे चाललं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, परतताना ट्राममध्ये, बाई एकाएकी बोलल्या. "सुलभा नावाची पोर होती माझ्याकडे. विभागाची फायनल, शेवटचा डाव. मी तिला बंट मारायला लावला. पोरीनं निमूट ऐकलं. हरलो ते जाऊ दे. पण तिचं लग्न ठरलेलं होतं, पुन्हा बॅट काही तिच्या हातात आली नाही. तिचा शेवटचा फटका मी खाल्ला गं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एकाला तरी त्या याननं मारू द्यावं. मला बघायचंय."

पुढच्या वर्षी बाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मग मी रविवारी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांना फोनवर सामना दाखवायला लागले. जळगावला त्या पलंगावर, उशीला टेकून, वही मांडीवर.

त्या रविवारी नववा डाव होता, संघ एका धावेनं मागे, पहिल्या बेसवर आपला माणूस, एकही बाद नाही. रुबेन उभा राहिला. याननं नाकाला हात लावला आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघून अंगठा दाखवला. फोनमधून काहीच आवाज आला नाही. बाईंना ओरडण्याइतका दमच राहिला नव्हता. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवलेली मात्र दिसली.

माझं डोकं फिरलं. यानवर नाही, माझ्यावरच. मी उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "मार रे! मार!"

तीन उन्हाळे ऐकलेला शब्द. रुबेननं वळून खुर्चीकडे पाहिलं, आडवी धरलेली बॅट मागे घेतली आणि मारला. चेंडू उंच गेला, लांब गेला आणि अगदी कुंपणापाशी झेलला गेला. पुढचे दोघेही बाद. हरलो.

यान तणतणत माझ्याकडे आला. काय ओरडलात, म्हणाला. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासूनचं, 'भित्रे'सकट, एक शब्द न गाळता. तो लाल झाला आणि निघून गेला. तेव्हापासून तो मला अंगठा दाखवत नाही. बंटची खूण अजूनही करतो, आणि दर वेळी माझा संताप होतो.

फोन चालूच होता. बाईंनी विचारलं, "कुठवर गेला होता गं?"

"कुंपणापर्यंत, बाई."

बराच वेळ त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. दिवाळीआधी बाई गेल्या, तेव्हा मी ती वही उघडून पाहिली. त्या शेवटच्या सामन्याच्या पानावर, रुबेनच्या बादच्या खुणेपुढे, त्यांनी सुलभाचं नाव लिहिलं होतं.