झाकून ठेवलेला दोर

बावधनहून निघालो तेव्हा गाडीत पाण्याची बाटली, टोपी आणि तीन चिकटपट्ट्या होत्या. चौथी घेतली नाही, याची भूगावच्या कोंडीत अर्धा तास रुखरुख लागली.

मोहीम दादाच्या होडीची. माझ्या थोरल्या भावाने जहाजावरची नोकरी संपल्यावर स्वतःच्या हातांनी शिडाची होडी बांधली आणि मुळशीच्या पाण्यात सोडली. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, काठाची उतरण त्याला झेपेना, आणि होडी माझ्या स्वाधीन झाली. "काठाला बांधायचा दोर तेवढा जप. होडीच्या कडेवर घासतो," एवढंच तो म्हणाला होता.

मी जपला. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लॅस्टिकमध्ये राहतो, तिथे दोर उघडा कसा ठेवायचा? घासायच्या जागी बागेच्या नळीचा तुकडा चढवला, वर पिशवी, त्यावर चिकटपट्टी. दर शनिवारी एक थर वाढवायचा आणि दादाला फोटो पाठवायचा. उत्तरादाखल त्याचा अंगठा यायचा.

पौडला मिसळ खाल्ली. पुढे भातखाचरं कोरडी पडली होती. पाणी उन्हाळ्याने बरंच खाली गेलेलं, काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा. त्यावरून मी निम्मा चालत आणि निम्मा बसून उतरलो.

खाली कडूबाई म्हैस बांधत होत्या. काठावरचं शेत त्यांचं; दर खेपेला मी त्यांच्याकडेच पिठलं-भाकरी जेवतो.

"भाऊ, त्या दोराला एवढं कशापायी बांधलंय? दुखतंय का त्याला?"

"घासू नये म्हणून."

त्यांनी बोटांनी चाचपलं. "हितं मऊ लागतंय." मी नको म्हणायच्या आत त्यांनी विळ्याने माझे तीन महिन्यांचे थर उभे चिरले. नळीत वाळू शिरली होती, तीच दोराला घासत होती. दोराच्या तीन पेडांपैकी दोन तुटलेले, तिसरा पिंजलेला.

तेवढ्यात दुपारचा वारा सुटला, होडीने हिसका दिला आणि तिसराही गेला. मी पाण्यात उडी घेतली, असं लिहायला आवडलं असतं; मी पडलो. पण पडता पडता होडीची कड हाताला लागली, ती सोडली नाही. कडूबाईंनी म्हशीचं दावं (जनावर बांधायचा दोर) सोडून होडीला बांधलं. होडी थांबली. म्हैस निवांत पाण्यात शिरली आणि संध्याकाळपर्यंत आम्हा दोघांना तिने दाद दिली नाही.

जेवताना कडूबाई म्हणाल्या, "दावं मी रोज वीतभर सरकिवते. एकाच जागी घासलं की तुटतंय. फडकं गुंडाळा की, पन सुटं. तुमी तर बघायचीच सोय ठेवली न्हाई."

घरी येऊन दादाला फोटो पाठवला नाही. फोन केला आणि सगळं सांगितलं. मला लाज वाटत होती.

 तो म्हणाला, "यापुढे फोटो नको. हात लावून बघत जा. मला तेवढंच करता येत नाही रे."

पुढच्या शनिवारी चिकटपट्ट्या घरीच ठेवल्या. नवा दोर बांधला, दावं कडूबाईंना परत केलं. त्यानंतर दर खेपेला दोर वीतभर सरकवतो, फडकं सोडून त्यावर हात फिरवतो आणि तिथूनच दादाला सांगतो, कुठे गुळगुळीत लागतो, कुठे तंतू उठलेत. सगळं सांगून झालं की तो विचारतो, "बरं, आणि म्हैस?"